लागण

"घरात आणखी कोणाला असा त्रास आहे?"

डॉक्टरांचा प्रश्न पुरता संपायच्या आत मी म्हणाले, "आईला."

त्या खोलीत शिरल्यापासून मी एवढं चटकन काहीच बोलले नव्हते. झोप लागते का, जेवण जातं का, जगणं नकोसं वाटतं का, प्रत्येक प्रश्नावर मी टेबलाच्या कडेकडे बघत बसायची आणि शेवटी शेजारच्या खुर्चीतून बाबा माझ्या वतीने उत्तर द्यायचे. या एका प्रश्नाचं उत्तर मात्र मला पाठ होतं.

"केव्हापासून?" डॉ. मेश्राम यांनी विचारलं.

"मला कळतं तेव्हापासून. आईच्या आईलाही होता म्हणतात. मी आजीला पाहिलं नाही."

"म्हणजे तीन पिढ्या." त्या बाबांकडे वळल्या. "असंच ना, कळंबेसाहेब?"

बाबांनी उभी नोकरी पाटबंधारे खात्यात धरणाच्या पाण्याची पातळी मोजण्यात घालवली होती. आकडा बोटभर चुकला तरी त्यांना जेवण गोड लागत नसे. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "हो... तिच्या आईला आहे," एवढंच म्हणाले.

हे सगळं दोन हजार सहा सालचं, नागपुरातलं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते आणि भाड्याच्या खोलीत एकटी राहत होते. दिवाळीनंतर कधीतरी मला वर्गात जाणं जड होऊ लागलं. घसा बरा होता, पण वाक्य सुरू करायचं बळच येत नसे. मग एक दिवस मी खडू हातात घेऊन फळ्यासमोर उभी राहिले आणि मला मुलांकडे वळताच येईना. तास संपेपर्यंत मी फळ्याकडे तोंड करून तशीच उभी. एरवी डोकं उठवणारी ती मुलं त्या दिवशी एक अक्षर बोलली नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मी कॉलेजला गेले नाही. खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. शेवटी घरमालकिणीने बाबांना फोन केला.

भिंतीकडे तोंड करून पडणं मला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

आमची कॉलनी धरणाच्या पायथ्याशी होती. धरण बांधून झालं तसे लोक बदल्या घेऊन निघून गेले आणि साठ-सत्तर क्वार्टर्समध्ये आमच्यासारखी दहा-बारा घरं तेवढी उरली. बाकीच्या क्वार्टर्सच्या खिडक्या लोकांनी काढून नेलेल्या. त्यांतल्या एका घरात आई दिवसच्या दिवस पलंगावर पडून असायची. चांगले महिनेही असत. तेव्हा ती पहाटे उठून सडा घालायची, वांग्याचं भरीत करायची, रेडिओ ऐकायची. मग एखाद्या सकाळी ती उठायचीच नाही, आणि घरात कसलाही आवाज नसे.

तिने मला कधी मारलं नाही. कधी रागावलीही नाही. तिने मला हातच लावला नाही. मी झोपायची बाबांच्या खोलीत. माझ्या वेण्या घालायच्या शेजारच्या दुर्गेबाई. ताप आला की कपाळावर पट्ट्या ठेवायचे बाबा, आई दारात उभी राहून बघायची. शाळेचा डबा ती उंबऱ्यावर ठेवायची आणि मागे सरकायची, मग मी तो उचलायचा. मला वाटायचं सगळ्यांकडे असंच असतं. ती पडून असताना मी पलंगाजवळ गेले तर ती पदर तोंडावर ओढून घ्यायची आणि म्हणायची, "जा, बाहेर खेळ."

बाहेर खेळायला कोणी नव्हतं. मी ओसाड क्वार्टर्समधून हिंडायची, रिकाम्या खोल्यांत आपल्याच आवाजाचा घुमारा ऐकायची.

दिवाळीला शकुआत्या यायची. ती बाबांची थोरली बहीण, तिच्या तोंडाला फाटक नव्हतं. मला एका कोपऱ्यात बसलेली बघून ती सगळ्यांदेखत म्हणायची, "पाहा, पोट्टी मायवरच गेली. तशीच घुमी. उद्या हिचंही तसंच होते का काय."

लोक चुकचुकायचे. बाबा उठून बाहेर जायचे. मला मात्र आतून ऊब आल्यासारखं व्हायचं. आईकडून मिळालेलं माझ्याजवळ तेवढंच होतं. मोठी झाल्यावर त्या वाक्याची भीती वाटू लागली, स्थळं परत जाऊ लागली तेव्हा चीडही आली. तरी ती ऊब पूर्ण गेली नव्हती. म्हणूनच तर डॉक्टरांनी विचारल्याबरोबर मी एवढ्या तातडीने "आईला" म्हणाले.

दवाखान्यातून आम्ही एसटी स्टँडवर आलो. बाबा मला घरी न्यायला आले होते. बस लागायची होती. त्यांनी चहा घेतला, माझ्यासमोर ठेवला, आपला तसाच गार होऊ दिला.

"यामू," ते म्हणाले, "डॉक्टरसमोर आज चूक झाली."

"कसली?"

"तू सांगितलं ती माहिती बरोबर नाही. त्यावर औषधं ठरली तर घोटाळा होईल." त्यांनी कपाची जागा बदलली. मग पुन्हा बदलली. "कुमुदला... तुझ्या आईला मुलगी झाली होती. आठवड्याच्या आत गेली. आधीपासून तिचं थोडं थोडं असं होतंच, पण त्यानंतर ती उठलीच नाही. खाईना, बोलेना. शकूताई म्हणाली, हिच्या मांडीवर मूल घाला, आपोआप बरी होईल. एका डॉक्टरनेही तेच सांगितलं. मग मी अमरावतीहून, एका अनाथाश्रमातून, तुला आणलं. चार महिन्यांची होतीस तू."

समोर एक बस मागे घेत होते. कंडक्टर तिच्या पत्र्यावर थापा मारत होता. मी त्या थापा ऐकत राहिले.

"म्हणजे मला आईचं औषध म्हणून आणलं."

"तसं नको म्हणू."

"आणि ते लागू पडलं नाही."

बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला. "मी हे सांगून राहिलो ते वेगळ्या कारणाने. तुझं-तिचं रक्त एक नाही. तिचं दुखणं तुझ्यात यायचा प्रश्नच येत नाही. तुला झालं ते दगदगीने, एकटं राहिल्याने. बरी होशील. ती भीती मनातून काढून टाक."

किती वर्षं जपून ठेवलेली चीज शेवटी मला द्यावी तसा त्यांचा चेहरा होता. मी मान हलवली. दरवर्षी मी मुलांना वाटाण्याच्या रोपांची गोष्ट शिकवत होते, आईकडून काय येतं, बापाकडून काय येतं. फळ्यावर तो तक्ता काढताना माझं मन हटकून आईच्या पलंगाशी जायचं. आता तो पलंग एका परक्या बाईचा होता. बसमध्ये चढताना माझ्या मनात आलं, आपण आता कोणावरच गेलेलो नाही.

घरी आल्यावर बाबांनी आईला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. मी ते ऐकलं नाही, पण काय सांगितलं असेल ते कळलं. आई बाहेर आली, स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग आत गेली आणि पडली.

तो महिना आम्ही दोघी दोन खोल्यांत दोन भिंतींकडे तोंड करून पडून काढला. बाबा सकाळी दोन चहा दोन ठिकाणी ठेवायचे, धरणावर जायचे, दुपारी येऊन भात टाकायचे. कधी कधी भिंतीपलीकडून आईचं कूस बदलणं ऐकू यायचं. मीही बदलायची. आमच्यात बोलणं असं काही नव्हतंच, तर अबोला तरी कशाला म्हणायचं?

डॉ. मेश्राम यांच्या गोळ्यांनी हळूहळू मला उठता येऊ लागलं. महिन्याने पुन्हा दाखवायला जायचं होतं. मी बाबांना म्हणाले, मी एकटी जाईन. त्यांना ते बरं होत असल्याचं लक्षण वाटलं. खरं कारण वेगळं होतं. 'आई माझी नाही' हे मला त्यांच्यासमोर बोलायचं नव्हतं.

"मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं," मी डॉक्टरांना म्हणाले. "मी दत्तक आहे. मला ते माहीत नव्हतं. आईच्या आजाराचा माझ्याशी संबंध नाही."

डॉ. मेश्राम पन्नाशीच्या, ठेंगण्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"कितव्या महिन्यात आणलं तुम्हाला?"

"चौथ्या."

"मग वाढवलं कोणी?"

"तिनेच. म्हणजे... ती घरात होती."

"जवळ घ्यायची?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी मला बोलू दिलं. उंबऱ्यावरचा डबा, तोंडावर ओढलेला पदर, दुर्गेबाईंच्या वेण्या. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. सांगताना लक्षात आलं, यात सांगण्यासारखं काहीतरी आहे.

"तुम्ही जीवशास्त्र शिकवता ना?" त्या म्हणाल्या. "मग तुम्हाला लवकर कळेल. जन्माला येताना जे डीएनए मिळतं ते बदलत नाही, हे बरोबर. पण त्यातला कोणता भाग चालू राहील आणि कोणता बंद पडेल, हे काही प्रमाणात पुढच्या आयुष्यावर ठरतं. स्वयंपाकघरात डबे तेच असतात, पण एखाद्याचं झाकण असं बसतं की निघता निघत नाही. तसं. एपिजेनेटिक्स म्हणतात त्याला. फार नवीन अभ्यास आहे. उंदरांवर प्रयोग झालेत. काही माद्या पिल्लांना सारख्या चाटतात, काही फारशा चाटत नाहीत. ज्यांना आईने फार चाटलं नाही ती पिल्लं पुढे भित्री निघतात, जरा कशाने दचकतात. पण गंमत अशी, की पिल्लं जन्मतःच अदलाबदल करून ठेवली, तर ती जन्म देणारीवर जात नाहीत. वाढवणारीवर जातात. आणि त्यांच्या मेंदूतल्या पेशींत तशी खूण सापडते."

"वाढवणारीवर," मी म्हणाले.

"उंदरांत. माणसांत इतकं सरळ नसतं. तुमच्या बाबतीत असंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, कोणीच सांगू शकणार नाही. तुमच्या जन्मदात्यांचं आपल्याला काहीच माहीत नाही. जन्मानंतरचे चार महिने तुम्ही कुठे, कशा होतात, तेही नाही. मी एवढंच म्हणते, की आईच्या आजाराचा तुमच्याशी काही संबंध नाही, असं म्हणता येणार नाही. आणि हेही ऐका. झाकण बसलं म्हणजे कायमचं बसलं, असंही नसतं."

शेवटचं वाक्य त्यांनी मला धीर द्यायला सांगितलं असणार. माझा जीव आधीच्याच वाक्यात अडकला होता. मी जिन्यावरून जवळजवळ धावत खाली आले. बाहेर ऊन होतं, समोर ऑटोवाले हाका मारत होते आणि मला त्यांतल्या एखाद्याला थांबवून सांगावंसं वाटत होतं, की मी माझ्या आईवर गेले आहे. तिने मला पोटात वाढवलं नाही, कडेवर घेतलं नाही, तरी तिचं काहीतरी माझ्या पेशीपेशीत उतरलं आहे. शकुआत्याची जीभ कितीही वाईट असो, तिचं खरं होतं.

कॉलनीच्या फाट्यावर बस थांबली. तिथून चालत घरापर्यंतच्या वाटेवर मी वाक्य जुळवत होते. आई, डॉक्टर म्हणतात मी तुझीच. आई, तुझं माझ्यात आलंय. मला वाटत होतं, एवढी वर्षं जे औषध लागू पडलं नाही ते आज पडेल.

बाबा धरणावर होते. आई पलंगावर उठून बसली होती. पाय खाली सोडलेले, केस सुटलेले. मला वाटलं ती माझीच वाट बघत होती.

"आई, मला तुला एक सांगायचंय."

"आधी माझं ऐक," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ऐकलेला तो आवाज खरखरीत झाला होता. "ह्यांनी तुला सगळं सांगितलं ना?"

"हो."

"मग आता लपवायसारखं काही उरलं नाही. मला एक खरं सांग. माझं लागलं का तुला?"

मी दारातच उभी होते. नेहमी जिथे उभी राहायची तिथे.

"लागलं म्हणजे?"

"माझी आई अशीच होती. आम्ही चौघी बहिणी. मी तिची लाडकी. लग्न होईपर्यंत तिच्या कुशीत झोपायची मी, तिच्या ताटात जेवायची. बाकीच्या तिघी धडधाकट राहिल्या. मलाच झालं." ती थांबली, श्वास घेतला. "ह्यांनी तुला आणलं ना, तेव्हा तू अशी गुटगुटीत होतीस. हसायचीस, सगळ्यांकडे झेपावायचीस. कोणाच्या तरी घरचं चांगलं मूल. मला फार घ्यावंसं वाटायचं गं. रात्र रात्र वाटायचं. पण मी ठरवलं, हिला आपलं लागू द्यायचं नाही. पोटची गेली, ही तरी चांगली राहू दे. बाटलीसुद्धा उशीला टेकवून द्यायची मी तुला. माझा श्वास लागू नये म्हणून तोंडावर पदर घ्यायची."

मी तिच्या उशीकडे पाहिलं.

"एवढं सगळं केलं," ती म्हणाली, "आणि तरी तू तशीच पडलीस. ह्यांनी सांगितलं, वर्गात तोंड फिरवून उभी राहिलीस. महिनाभर मी भिंतीपलीकडे तुला ऐकते आहे. कुठे चुकलं माझं? कधी हात लागला? एकदा तू झोपेत असताना मी तुझ्या पायाला हात लावला होता, तुला गोवर झाला तेव्हा. तेवढ्याने झालं का?"

डॉक्टरांचं बोलणं माझ्या तोंडाशी होतं. वाटभर घोकलेलं. तिच्यासमोर ते उघडलं असतं तर त्यातून काय बाहेर पडलं असतं, हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं. तिने मला दूर ठेवलं ते मला वाचवायला, आणि जे काही माझ्यात आलं असेल ते बहुधा त्या दूर ठेवण्यातूनच आलं होतं.

"आई," मी म्हणाले, "असं काही नसतं."

"तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस."

"मी मुलांना हेच शिकवते, आई. आजार आला तर रक्तातून येतो. आपलं रक्ताचं नातंच नाही. मी तुझ्या पोटची नाही. मग तुझं माझ्यात कसं येईल?"

हे मी मोठ्याने, ठाम आवाजात म्हणाले. वर्गात म्हणावं तसं. प्रत्येक शब्द बोलताना माझ्या हातातलं काहीतरी सुटून पडत होतं.

"डॉक्टरीणबाई असं म्हणाली?"

"हो. मी आज हेच सांगायला आले. माझं दुखणं माझं वेगळं आहे. तुझा त्याच्याशी काही संबंध नाही."

"आणि जवळ बसून लागत नाही?"

"नाही."

"एका ताटात जेवून? कुशीत झोपून?"

"नाही लागत, आई. कशानेच नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा आधी कपाळाजवळ, मग गालांजवळ सैल होत गेला. त्या चेहऱ्याला मी कायम तसाच समजले होते, तो एवढा ताणून धरलेला असेल असं कधी मनातही आलं नव्हतं. तिने पलंगावर शेजारी थाप मारली.

मी जाऊन बसले. आमच्यात वीतभर जागा होती. ती तिनेच सरकून भरून काढली. तिने हात उचलला, पण कुठे ठेवावा ते तिला कळेना. आधी गुडघ्यावर ठेवला, मग उचलला, मग दंडावर, मग पाठीवर. हात गरम होता. माझंही अंग आखडून गेलं होतं, सैल सोडायचं कसं ते मला येत नव्हतं.

"केस किती रखरखीत झाले गं तुझे," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मग रडता रडता हसली. "एवढी वर्षं उगाच घाबरले मी."

"हो. उगाच."

रडून रडून ती दमली. तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं आणि बघता बघता तिला झोप लागली. तिचा श्वास माझ्या मानेवर येत होता. मी हलले नाही. बाहेर ओस क्वार्टर्समध्ये पारवे घुमत होते. मी तिची मुलगी असल्याचं त्या दिवशी सकाळी एका परक्या बाईने मला सांगितलं होतं, आणि जगात ज्या एकाच माणसाला ते सांगण्यात अर्थ होता त्याला मी ते कधीच सांगू शकणार नव्हते.

संध्याकाळी बाबा आले. दारातून त्यांनी आम्हा दोघींना तसं बसलेलं पाहिलं आणि ते जागच्या जागी थबकले. हातातली छत्री त्यांनी आवाज न करता भिंतीला टेकवली. डोळे पुसून मग त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "काय म्हणाल्या डॉक्टर?"

"विशेष काही नाही," मी म्हणाले. "गोळ्या चालू ठेवायच्या म्हणाल्या."